तोलाईदार

सांगलीच्या मार्केट यार्डात अप्पांनी हयात काढली ती तोलाईदार म्हणून. आधी लोखंडी तराजू, मग प्लॅटफॉर्म काटा, शेवटची काही वर्षं तांबडे आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक. हमाल हळदीचं पोतं टाकायचा, अप्पा आकडा पुकारायचे, दिवाणजी मांडून घ्यायचा. शेतकऱ्याचा अडत्यावर विश्वास असो नसो, अप्पांच्या आकड्यावर दोघांचाही असायचा. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा माल आला. मेव्हण्यानं डोळ्यानं खुणावलं. अप्पांनी पाव किलोसुद्धा वर धरलं नाही. "काट्याला पाव्हणा नसतो," एवढंच म्हणाले, आणि मेव्हण्यानं दोन वर्षं बोलणं टाकलं.

काम सुटलं तसे ते मिरज तालुक्यातल्या आपल्या गावी येऊन राहिले. येताना खोकला घेऊन आले. हळदीच्या सौद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला धुळीचा खोकला असायचाच, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. त्यात बिडी, त्यात साखरेचा आजार. गेल्या दोन दिवाळ्यांत खोकला वाढला, रात्री बनियन घामानं भिजायला लागला, धोतराची गाठ दोन बोटं आत गेली. पण खोकला अप्पांचा होता, आणि अप्पांच्या कशालाच घरात कुणी प्रश्न विचारत नसे. चार वर्षांची नात, परी, तेवढी त्यांच्यासारखं खोकून दाखवायची आणि सगळे हसायचे.

संक्रांतीनंतर सुनेनं, सुनीतानं खोकायला सुरुवात केली. तिचा मात्र तिसऱ्या आठवड्यातच सगळ्यांना त्रास व्हायला लागला. संध्याकाळी कणकण, भूक मेलेली, भाकरी थापताना मध्येच भिंतीला टेकायची. सांगलीच्या एका डॉक्टरनं दोनदा औषध बदललं. शेवटी गावच्या आशाताईनं तिला बाजूला घेतलं आणि बेडक्याची डबी हातात ठेवली. ग्रामीण रुग्णालयात ट्रूनॅटचं यंत्र होतं. गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं हे छोटं यंत्र बॅटरीवरही चालतं. बेडक्यात क्षयाच्या जंतूचा अंश आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर लागू पडेल का, हे दोन्ही ते काही तासांत सांगतं. सुनीताच्या बेडक्यात जंतू होता. औषध लागू पडणार होतं. घरानं यातलं पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं कुणी ऐकलंच नाही.

त्याच संध्याकाळी तिचं ताट वेगळं झालं. ताट, वाटी, तांब्या, कप. अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांच्यावर नेलपॉलिशनं तांबडा ठिपका दिला. तिची वळकटी मागच्या खोलीत गेली. त्या खोलीत खताची पोती आणि कांदे असत. झरोका एकच, त्यालाही उंदीर येतात म्हणून गोणपाट कोंबलेलं. दार लावून घ्यायचं, परीला जवळ येऊ द्यायचं नाही, आणि शेजारी कुणी विचारलं तर मलेरिया म्हणायचं.

बातमी ऐकून सुनीताचे वडील जतहून आले. सोप्यात टेकले. अप्पा पुढ्यात बसून बिडी ओढत होते. खोकल्याची एक उबळ जिरवून म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं कुणाला न्हवतं. दुष्काळातल्या घरातनं पोरगी आणली, तिच्याबरोबर हे आलं. दुसरं काय म्हणायचं?"

वडील काही बोलले नाहीत. पण असं बोलणं सोप्यात राहत नाही. एसटीतून ते जतला पोचलं, तिथून कवठेमहांकाळला. सुनीताच्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, तिकडच्या एका घरानं पसंत केलं होतं. त्यांचा फोन यायचा बंद झाला.

घराण्यातला रोग ही समजूत काही आपल्या एकट्याची नव्हे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला, तोवर युरोपातले कितीतरी शिकलेसवरलेले लोक हा रोग रक्तातून उतरतो असं मानत. एकाच घरातली माणसं ओळीनं जाताना डोळ्यांनी दिसत होती, मग दुसरं काय वाटणार? एका घराचं रक्त एक असतं तशी हवाही एक असते, हे ध्यानात यायला जंतू दिसावा लागला. नवी सून रक्ताची नसते. हवेत मात्र तिचा वाटा माप ओलांडल्या दिवसापासून असतो.

आठवडाभरानं तालुक्याचे उपचार पर्यवेक्षक आले. गावात त्यांना टीबीचे सर म्हणतात. मोटरसायकलच्या डिकीत रजिस्टर, खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा. त्यांनी आधी सुनीताच्या गोळ्यांचं पाकीट बघितलं, रिकामे कप्पे मोजले. मग म्हणाले, "घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. खोकला कुणाकुणाला आहे?"

"कुणालाच न्हाई," अक्का म्हणाल्या.

त्याच वेळी मधल्या खोलीतून अप्पांचा खोकला आला. चांगला लांबलचक, शेवटी छातीत काहीतरी घरघरणारा.

"हे कोण?"

"ते व्हय? ते अप्पा. त्यांचा जुनाच हाय. धुळीचा."

सरांनी रजिस्टरवरचं डोकं वर केलं नाही. "किती जुना?"

दोन दिवाळ्या, असं हिशेब करून संजयनं, सुनीताच्या नवऱ्यानं सांगितलं. अप्पा बाहेर आले आणि आपला बेडका द्यायला साफ नकार दिला. ज्याला रोग आहे त्याचं बघा, म्हणाले. सरांनी वाद घातला नाही. असा नकार त्यांच्या रोजच्या फिरतीत असतोच.

ते मागच्या खोलीकडे गेले. दारातूनच आत बघितलं, गोणपाट बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "हिला इथं कुणी ठेवलं?"

"वेगळं नको का ठेवायला?" अक्का म्हणाल्या. "माझा थोरला भाऊ वानलेसवाडीला व्हता, मिशनच्या सॅनेटोरियमात. मी आठ-नऊ वर्षांची असंन. मला सगळं ठावं हाय. बरा हून आला, पुढं वीस वर्षं शेती केली त्यानं, पण आईनं त्याचं ताट शेवटपतुर वेगळं ठेवलं."

"भावाला भेटायला गेला होता तिथं?"

"गेल्ते की आईबरोबर."

"खाट कुठं होती त्यांची?"

अक्का थांबल्या. "व्हरांड्यात. सगळ्यांच्याच. पौषाच्या थंडीत उघड्या व्हरांड्यात पोरं निजवलेली. आई लई रडली व्हती, लेकराला गारठ्यात टाकलंय म्हणून."

"मग आईनं तिथून ताट तेवढं घरी आणलं," सर म्हणाले. "व्हरांडा तिथंच राहिला."

मग त्यांनी ते सांगितलं जे ते दिवसातून चार घरांत सांगत असतील. खोकताना, शिंकताना, मोठ्यानं बोलतानासुद्धा तोंडातून तुषार उडतात. जड थेंब खाली पडतात. अगदी बारीक असतात ते वाळतात आणि हवेत तरंगत राहतात, कोंदट खोलीत तासन्‌तास. दुसऱ्यानं ते श्वासाबरोबर ओढले तर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. लागण होते ती अशी. ताटाला लागलेलं काही कुणी श्वासात ओढत नाही. कपड्यानं नाही, शिवण्यानं नाही, एका घागरीचं पाणी प्याल्यानं नाही. वारा त्या कणांना पांगवतो, ऊन जंतूला मारतं. म्हणून हिची खाट सोप्यात खिडकीशी टाका. सुरुवातीचे काही आठवडे तोंडाला मास्क, परीला कुशीत घेऊन झोपायचं नाही. औषध नेमानं चाललं की दोनेक आठवड्यांत संसर्गाचा जोर बराच ओसरतो. पुढं घर आणि ती, दोघांनी नेहमीसारखं राहायचं.

हे सगळं सांगायला सरांकडे मद्रासचा दाखला होता. त्यांनी तो दिला नाही, मी देतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं आणि तिथं एक धाडसी प्रयोग झाला. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियमात, अंथरुणावर विश्रांती, चांगला आहार. दुसरा आपापल्या दाटीच्या घरात, जे मिळेल ते खाऊन, जमेल तसं काम करत. औषधं दोघांना तीच. वर्षानं बघितलं तर घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते. पुढं पाच वर्षं त्यांच्या घरच्यांवरही नजर ठेवली. घरी रुग्ण ठेवणाऱ्या कुटुंबांत जास्त माणसं आजारी पडली का? नाही पडली. घरातल्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते, जेव्हा खोकणाऱ्याला कुणी रोगी म्हणतच नसतं. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडण्यात या भारतीय प्रयोगाचा मोठा हात आहे, आणि आपल्याला तो शाळेत कुणी शिकवत नाही याचं मला नवल वाटत आलंय.

म्हणजे मिरज तालुक्यातल्या त्या घरात ठिपक्याचं ताट आलं ते फार उशिरा, आणि चुकीच्या माणसासाठी.

पण हे त्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं. सरांनी पिशवीतून काटा काढला. सगळ्यांची वजनं घ्यायची होती. काटा जमिनीवर ठेवताच अप्पा पुढं सरसावले. "थांबा. जमीन सपाट न्हाई." त्यांनी स्वतः फरशीचा कोपरा निवडला. आतून पाच किलो साखरेची न फोडलेली पिशवी आणली, काट्यावर ठेवली, आकडा बघितला, उचलली, पुन्हा ठेवली. "बरोबर हाय," म्हणाले, आणि चष्मा लावून काट्याशेजारी उकिडवे बसले. सर बाजूला झाले. वजन घेणं हे काही त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

संजय एकाहत्तर. अक्का अठ्ठावन्न. परी साडेतेरा. अप्पा पुकारत होते, सर लिहीत होते. अप्पा स्वतः चढले, वाकून आकडा वाचला आणि त्यांचा आवाज जरा उशिरानं आला. एकोणपन्नास. यार्डातल्या मोठ्या काट्यावर ते गंमत म्हणून दर दसऱ्याला उभे राहत. बासष्टच्या खाली ते कधी उतरले नव्हते.

मग सुनीता. छत्तीस.

"नीट उभी राहा," अप्पा म्हणाले. ती नीटच उभी होती. त्यांनी तिला उतरवलं, काटा शून्यावर आलेला बघितला, पुन्हा चढवलं. छत्तीस.

सरांनी परीच्या वेळचं गरोदरपणाचं कार्ड मागितलं. कार्डात पहिल्या महिन्यांतली नोंद होती, शेहेचाळीस किलो.

"दहा किलो दोन महिन्यांत गेलं?" संजयनं विचारलं.

"आजारानं काही गेलं असेल," सर म्हणाले. "सगळं नाही." ते सुनीताकडे वळले. "ताई, जेवायला कधी बसता?"

"सगळ्यांचं झालं की."

"मग काय असतं ताटात?"

"असतं की."

"काल काय होतं?"

सुनीतानं सासूकडे बघितलं. काल भाकरी होती, अर्धी, आणि आमटीचं पाणी. कालवण तेवढं उरलं नव्हतं. भाजीही नव्हती. दूध परीचं आणि अप्पांच्या चहाचं. अक्का म्हणाल्या, "आम्हीबी तसंच जेवलो सर. बाईमाणसाचं असंच असतंय." त्यात कुठलीही अढी नव्हती. ती एक माहिती होती.

सरांनी रजिस्टर मिटलं. हवा या घरात सगळ्यांनी एकच घेतली, म्हणाले. जंतू सगळ्यांच्याच छातीत गेला असेल. दहातल्या नऊ जणांचं शरीर त्याला जन्मभर कोंडून ठेवतं, आजार म्हणून तो उभाच राहत नाही. ज्याचं अंग खचलेलं असतं तिथं तो डोकं वर काढतो. साखरेच्या आजारानं खचलेलं असेल, वयानं असेल, नाहीतर पोटात काही जात नसेल. "ताट वेगळं करायचं म्हणता ना? ह्यांचं ताट आधीपासनंच वेगळं होतं."

सर गाडीला किक मारत होते तेव्हा अप्पा अंगणात आले. बंडीच्या खिशात हात घालून उभे राहिले. मग म्हणाले, "ती डबी देऊन ठेवा एक."

पुढचं लवकर सांगतो. अप्पांच्या बेडक्यात जंतू निघाला, सुनीताच्यापेक्षा जास्त प्रमाणात. क्ष-किरणात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसली. अशी पोकळी चार दिवसांत होत नाही. कुणाकडून कुणाला गेला हे छातीठोक सांगता येत नाही, असं सर प्रामाणिकपणे म्हणाले. पण दोन दिवाळ्या आणि दोन महिने यांतलं आधी काय, हे अप्पांना कळायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. चंद्राला क्षय लागला तो सासऱ्याच्या शापानं, असं आपल्या पुराणात आहे. दक्षानं शाप निदान तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा दिला होता.

त्या रात्रीची गोष्ट मात्र सांगायला हवी. जेवणं मांडली गेली. अक्कांनी अप्पांचं ताट घेतलं, नेहमीचं, काठाचं. सुनीताचं ठिपक्याचं. अप्पांच्या ताटावर ठिपका देण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. संजय म्हणाला, "आई, अप्पांचं—" तर त्या पटकन म्हणाल्या, "सर म्हणाले न्हाईत का, ताटानं काय होत न्हाई म्हणून?"

सुनीता खिडकीशी खाटेवर बसली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूला उलटून बोलण्याची ही पहिली वेळ, आणि तेही ती अगदी हळू बोलली. "आत्ती, ते अप्पांपुरतंच म्हणाले व्हते का?"

घरात कुणाला काही सुचेना. अप्पांनी हात लांब करून ठिपक्याचं ताट ओढलं, आपल्या पुढ्यात ठेवलं आणि आपलं काठाचं सुनीताकडे सरकवलं. नेलपॉलिश दुसऱ्या दिवशी अक्कांनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलं. थोडं राहिलंच. ते ताट अजून वापरात आहे, कुणाच्याही वाट्याला येतं.

अप्पांच्याही गोळ्या सुरू झाल्या. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत, वजनावर गोळ्यांची संख्या, पहिले दोन महिने. पुढं चार महिने त्यातली तीन. अप्पांनी पहिल्याच दिवशी लघवी तांबूस-नारिंगी बघितली आणि रक्त पडतंय म्हणून घर डोक्यावर घेतलं. सुनीतानं आतूनच सांगितलं, "रिफाम्पिसिनचा रंग हाय तो अप्पा. मला पहिल्या दिवसापासनं तसंच व्हतंय." तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला मागच्या खोलीत होतंच कोण?

परीला जन्मल्यावर बीसीजी दिलेली होती. ती लस लहान मुलांना मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून सांभाळते, पण फुप्फुसाच्या क्षयाला दर वेळी अडवतेच असं नाही. परीला आजार नाही याची खात्री करून तिलाही प्रतिबंधक औषध सुरू झालं. ती आजोबांच्या मांडीशेजारी बसून गोळी घ्यायची. खोकून दाखवणं तिनं आपोआप सोडलं, कारण आता कुणी हसत नव्हतं.

अप्पांनी यार्डातली जुनी वही काढली. पोत्यांच्या जागी माणसांची नावं लिहिली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आशाताईचा काटा यायचा, साखरेच्या पिशवीनं तपासला जायचा, आणि वजनं पुकारली जायची. पहिल्या महिन्यात सुनीता छत्तीसची साडेछत्तीस झाली तर अप्पा चिडले. "अर्धाच किलो? खाता काय तुम्ही?" त्यांनी सासू-सून दोघींना आपल्याबरोबर पंगतीला बसवायला सुरुवात केली. अक्का आठ दिवस अवघडून गेल्या. सरकारकडून पोषणाचे महिन्याला हजार रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा पाचशे होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. संजय ते दोघांचे काढून खताच्या बिलाला लावणार होता. अप्पांनी वही दाखवली. शेंगदाणे, गूळ, हरभरा, आणि सुनीताला रोज दोन अंडी. घरात अंडं शिजत नसे. ते अंगणातल्या चुलीवर शिजायला लागलं.

यात अप्पांचा चांगुलपणा किती आणि तोलाईदाराची आकड्याची खुमखुमी किती, हे मला विचाराल तर दुसरीच जास्त असावी. पण ती योग्य जागी लागली. झारखंडच्या चार जिल्ह्यांत काही वर्षांपूर्वी एक अभ्यास झाला. क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांपैकी साधारण निम्म्यांना औषध म्हणून काही दिलं नाही. दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी भरलं, आणि जो फुप्फुसाचा, इतरांना लागणारा प्रकार, तो जवळजवळ निम्म्यावर आला. २०२३ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. डाळ-तांदळानं. एवढं स्वस्त सापडलं की आपल्याला त्याचं महत्त्वच वाटत नाही.

पाचव्या महिन्यात सुनीता त्रेचाळीसवर आली आणि विहिरीवरून पाण्याची कळशी आणायला लागली. पण जतहून फोन आला की तिचा चेहरा उतरायचा. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संजयनं सरळ सांगून टाकलं. "अप्पा, तुम्ही सोप्यात बोलला ते तिकडपतुर गेलंय. वैशालीचं जमलेलं अडकलंय. माणसं म्हणत्यात, ह्यांच्या घरातच रोग हाय, थोरलीला झाला, धाकटीला व्हईल."

अप्पांनी पंचांग बघितलं. पितृपक्षाला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत आपली फाइल घेऊन ते एकटे निघाले. मिरजेला गाडी बदलून कवठेमहांकाळ, तिथून वडापनं गाव.

घर बरं होतं, द्राक्षबाग असलेलं. मुलाचे वडील, काका, दोन शेजारी बैठकीत बसले. अप्पांनी आपण कोण ते सांगितलं आणि फाइल मधोमध ठेवली. चहा आला. सगळ्यांना कपबशी, अप्पांना कागदी पेला. देणाऱ्या बाईनं तो लांबूनच ठेवला. अप्पांनी पेल्याकडे बघितलं, मग बाईकडे. चहा प्याले. "आणखी घोटभर घाला," म्हणाले, "प्रवासात घसा सुकलाय." तिला पुन्हा जवळ यावं लागलं.

"तुमच्या कानावर आलंय ते माझ्या तोंडचंच हाय," मग ते म्हणाले. "जतच्या पाव्हण्यांच्या घरात रोग न्हाई. त्यांच्या सगळ्यांची तपासणी झालीय, आशाताईला विचारा. रोग माझ्या छातीत व्हता. दोन दिवाळ्या मी तो घरभर खोकत व्हतो, आन् सुनेला उपाशी ठेवत व्हतो. तिला तो तिच्या सासरात लागला. हा माझा एक्स-रे. बघा."

एक्स-रे कुणी उचलला नाही. काका म्हणाले, "आन् उद्या पोरीला आमच्यात येऊन झाला तर?"

"तर बेडका तपासायचा, सहा महिने गोळ्या घ्यायच्या. मी घेतोय की. उद्याचं मी सांगू शकत न्हाई, तुमच्या पोराचंबी तुम्ही सांगू शकत न्हाई."

मुलाचे वडील इतका वेळ गप्प होते. "एवढ्या लांब तुम्ही स्वतः आला? फोन केला असता तरी चाललं असतं."

"आकडा मी चुकीचा पुकारला व्हता," अप्पा म्हणाले.

बैठक उठली. कळवतो, म्हणाले. हो नाही, नाही नाही. काकाच्या चेहऱ्यावरून तरी ते जमणार नाही असंच वाटत होतं. मुलाच्या वडिलांनी मोटरसायकल काढली आणि अप्पांना स्टँडवर सोडायला निघाले. वाटेत एक शब्द नाही. फाट्यावर गाडी लावून ते तिथंच घुटमळले. आजूबाजूला बघितलं.

"माझा थोरला भाऊ हाय," शेवटी म्हणाले. "मळ्यात राहतो. उन्हाळ्यापासनं खोकतोय. तंबाखूचा म्हणतोय. वाळलाय पार. आत्ता घरात हे काढलं तर पोराचं लगीन... तुम्ही ते कुठं दिलं व्हतं?"

अप्पांनी पिशवी खाली ठेवली.

"सरकारी दवाखान्यात. पैसे लागत न्हाईत. पण लाळ द्यायची न्हाई, लाळ दिली तर तपासणी वाया जाती. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आन् छातीतनं खोकून बेडका काढायचा, उघड्यावर, माणसांपासनं लांब. एक डबी तिथं गेल्यावर, दुसरी सकाळी उठल्या उठल्या. झाकण घट्ट लावायचं. आन् मळ्यातली बायकापोरं हायत न्हवं? त्यांनाबी न्या, एकट्या भावाला नगं." ते थांबले, दम घेतला. "डबीवर नाव लिहित्यात. तिथं खोटं नाव सांगू नका. पुरं लिवा, आडनावासकट."